जुनी कॅटालिना 22: विमा कोणता घ्यावा, टोइंग कुठून घ्यावं?

अमेरिकेत पहिली शिडाची बोट घेणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा जुनी कॅटालिना 22 येते. 1969 साली बाजारात आलेली ही साडेएकवीस फुटांची बोट ट्रेलरवर मावते आणि स्वस्तात मिळते. मेरीलँड-व्हर्जिनियाकडच्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी चेसापीक उपसागरासाठी ती घेत असेल, तर मनात पहिला विचार असा येतो: पाच हजार डॉलरच्या बोटीला विमा कशाला? पण बोट स्वस्त असली तरी बुडालेली बोट स्वस्त नसते. धक्क्याला बुडाली की पाणबुड्या बोलवा, बोट उचला, सांडलेलं पेट्रोल आवरा, सांगाडा मोडीत काढा. हा सगळा खर्च मालकाचा. तेलगळतीची जबाबदारी तर 1990 च्या केंद्रीय कायद्यानेच मालकावर टाकली आहे. म्हणून पॉलिसी निवडताना बोटीच्या किमतीपासून नव्हे, या खर्चापासून सुरुवात करावी.

पर्याय तीन आहेत.

पहिला, घराच्याच पॉलिसीवर भागवणं. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत 26 फुटांखालच्या शिडाच्या बोटीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर संरक्षण असतं, हे खरं. पण खुद्द बोट, तिचं सामान आणि ट्रेलर यांना मिळून मर्यादा सहसा 1,500 डॉलर. घराबाहेरून चोरी झाली तर काहीच नाही, आणि वाऱ्याने झालेलं नुकसान बोट बंद इमारतीत असेल तरच. बोट अंगणात ट्रेलरवर ठेवून वर्षातून चार वेळा तळ्यात नेणार असाल तर हे चालून जाईल. मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या खाजगी धक्क्यावर, जागा घेतली की नाही चालत, कारण अनेक मरिना 3 लाख डॉलरचं दायित्व संरक्षण (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) मागतात आणि पॉलिसीवर मरिनाचं नाव जोडून घ्यायला लावतात.

दुसरा, फक्त दायित्वाची बोट पॉलिसी. हप्ता कमी, बोटीचं नुकसान मात्र आपलं आपण सोसायचं. जुन्या कॅटालिनासाठी हा पर्याय मला मनापासून पटतो, पण एका अटीवर: सांगाडा हटवणं आणि तेलगळती हे दोन्ही शब्द पॉलिसीत छापलेले हवेत. एजंट तोंडी ‘असतं सगळं’ म्हणाला तर पान क्रमांक विचारा.

तिसरा, बोटीसकट पूर्ण संरक्षण. यात पुन्हा दोन जाती. ‘अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू’ म्हणजे आपल्याकडच्या गाडीच्या विम्यातल्या आयडीव्हीचं भावंड: घसारा कापून त्या दिवशीची किंमत. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’मध्ये बोट पूर्ण गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते. फरक किरकोळ नुकसानीतही दिसतो. समजा आठ वर्षांचं मुख्य शीड वादळात फाटलं आणि नवं 1,200 डॉलरला आहे. घसाऱ्याच्या पॉलिसीत निम्मे कापले तर 600 उरतात, आणि वजावट (डिडक्टिबल, म्हणजे दर दाव्यात आपण सोसायची रक्कम) 500 असेल तर हातात 100. मात्र अ‍ॅग्रीड व्हॅल्यूवाल्याही शिडं, कॅनव्हास आणि आउटबोर्डवर (बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनावर) बरेचदा घसारा लावतात, तेव्हा ती यादी वाचूनच सही करा.

दोन पॉलिसी समोर ठेवून बघायची सगळ्यात महत्त्वाची ओळ वेगळीच आहे: बचावाचा आणि सांगाड्याचा खर्च बोटीच्या रकमेतून वजा होतो की वेगळा मिळतो? बोट 5,000 ची, बाहेर काढायला 4,000 लागले. पहिल्या प्रकारात दुरुस्तीला 1,000 उरले. दुसऱ्यात पूर्ण 5,000 शाबूत.

आता या बोटीचा खास धोका. कील म्हणजे बोटीच्या तळाखालचं वजनदार पातं. झुलत्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या, कीलच्या कॅटालिनात ती कील उचलणारी तार बोटीच्या तळातून वर येते. तिथे फायबरग्लासचा उंचवटा आहे, मालक लोक त्याला ‘व्होल्केनो’ म्हणतात. त्यावर रबरी नळीचा छोटा तुकडा दोन क्लॅम्पनी आवळलेला असतो, आणि तो पाण्याच्या पातळीखाली येतो. नळी वाळून चिरली, की बोट जागच्या जागी भरते. विमा कंपनी म्हणणार, ही झीज, झीज वगळलेली आहे. इथे ‘कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज’ हे कलम कामी येतं: नळीचे पैसे मिळत नाहीत, पण ती फुटल्यामुळे बोट बुडाली त्याचे मिळतात. काही कंपन्या हे कलम देतात, काही फक्त बुडणं, आग आणि टक्कर एवढ्यापुरतंच. ते नसेल तर या बोटीला पूर्ण संरक्षणाचा हप्ता भरण्यात फारसा अर्थ नाही.

टोइंगचा, म्हणजे अडकलेली बोट ओढून नेण्याचा, हिशेब निराळा. जिवाला धोका नसेल तर अमेरिकेचं कोस्ट गार्ड ओढायला येत नाही, ते निरोप खाजगी टो-बोटींकडे देतं. त्यांचं मीटर सहसा धक्का सोडल्यापासून धक्क्यावर परत येईपर्यंत चालतं. विम्याला जोडलेलं टोइंग बहुधा परताव्याचं असतं: आधी कार्ड घासा, मग मर्यादेपर्यंत पैसे परत. मर्यादा 500 डॉलर आणि बिल 1,100 झालं तर 600 खिशातून. टोबोटयूएस किंवा सी टो या टोइंग सेवांचं वार्षिक सदस्यत्व वेगळं चालतं, आपल्या भागातलं ओढणं त्यातच भागतं. दोघांपैकी कुणाची बोट तुमच्या नदीजवळ उभी असते, हे मरिनात विचारून मगच ठरवा. दरपत्रकापेक्षा ते महत्त्वाचं. चेसापीकची सरासरी खोली जेमतेम 21 फूट आणि खाली गाळ, त्यामुळे हे सदस्यत्व इथे वसूल होतं. तरी कील खाली सोडलेली बोट पाच फूट पाणी मागते आणि वर घेतली की दोन फूट, म्हणून रुतलात तर आधी शिडं उतरवा, विंच (तार गुंडाळायची चरखी) फिरवून कील उचला. ओहोटी असेल तर हे पहिल्या पाच मिनिटांत करा.

सदस्यत्वात ‘मऊ रुतणं’ बसतं: बोटीभोवती पाणी आहे, ती थोडी हलते आहे, एकच टो-बोट थोड्या वेळात काढू शकते. खडकावर, फुटत्या लाटांत किंवा पाणी भरत असताना काढलं तर ते ‘सॅल्व्हेज’, आणि तिथे सदस्यत्व संपतं. सॅल्व्हेजचा मोबदला तासावर नाही, वाचलेल्या बोटीची किंमत, धोका आणि कौशल्य यांवर ठरतो. कागदावर सही नसली तरी तो मागता येतो. म्हणून दोर हातात घेण्याआधी स्पष्ट विचारा, ‘हे टोइंग की सॅल्व्हेज?’ आणि उत्तर वेळेसकट लिहून ठेवा. सॅल्व्हेज म्हणाले तर ठरावीक रकमेचा किंवा तासाच्या दराचा करार मागा आणि विमा कंपनीला तिथूनच फोन लावा. जीव धोक्यात असेल तर यातलं काहीच करत बसू नका, आधी व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल 16 वर कोस्ट गार्डला हाक द्या.

मरिनात बोट असेल तर माझी पसंती दायित्व पॉलिसी अधिक सदस्यत्व. बोटीवर नवी शिडं, नवं आउटबोर्ड असा पैसा ओतला असेल तर अ‍ॅग्रीड व्हॅल्यू. रस्त्यावरून वारंवार नेणार असाल तर ट्रेलरचं संरक्षण वेगळं विचारा, कारण मोटारीची पॉलिसी मागच्या बोटीची मोडतोड भरून देत नाही, आणि चाकाचं बेअरिंग जळालं तर मोटारीची रस्तासेवा ट्रेलरला हात लावेलच असं नाही.

सही करण्याआधी ‘ले-अप’च्या तारखा बघा. 1 नोव्हेंबर ते 1 एप्रिल बोट बंद, असं कबूल करून हप्ता कमी केला असेल, तर मार्चमधल्या उबदार रविवारी बाहेर काढलेली बोट विम्याबाहेर असते. आणि दर वसंतात ती व्होल्केनोवरची नळी बदला. नव्या नळीचा, दोन्ही क्लॅम्पचा तारखेसकट फोटो काढा आणि पावती पॉलिसीच्याच फाइलमध्ये ठेवा.