समपातळी गट, मिश्र गट की जोडी? कृतीच्या तासाला मुलं कशी बसवावीत

मुलांना गटात बसवून हाताने करू द्यावं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ कृतीतून, शोध घेत, बालकेंद्री पद्धतीने शिकण्याबद्दलच बोलतं. कृतीतून शिकवण्यासाठी नावाजलेल्या, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषदेच्या शाळा पाहून आलेल्या कितीतरी शिक्षकांनी आपापल्या वर्गाची फरशी आखून घेतली, काड्या, मणी, खडे जमवले. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. साहित्य आहे, मुलं आहेत, पण कुणाला कुणाशेजारी बसवायचं? एकाच पातळीची मुलं एकत्र, हुशार-कच्ची मिसळून, की सरळ दोघादोघांच्या जोड्या? केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नव्या शिक्षकांकडून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. नवी संकल्पना वस्तू हाताळून शिकायची असेल तर जोडी. वाचनात किंवा संख्याज्ञानात इयत्तेच्या मागे पडलेल्या मुलांसाठी रोज ठरावीक वेळ समपातळी गट. मिश्र गट परिसर अभ्यासाला, मोजमापाला आणि लहान प्रकल्पांना, आणि तोही काम वाटून दिलं असेल तरच. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी सगळ्याच कामांना पाच-सहा जणांचा मिश्र गट बसवलेला दिसतो. माझा आक्षेप तिथेच आहे.

तिसरीतलं एकच उदाहरण घेऊ. ४२ वजा १७. गटासमोर दशकाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा, त्याचं रबर काढायचं, दहा काड्या मोकळ्या करून त्या दोनांत मिळवायच्या. आता बारा सुट्या झाल्या, त्यातून सात काढल्या की पाच उरतात. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक काढला की दोन उरले. पंचवीस. या सगळ्या खटाटोपात शिकण्याचा क्षण एकच आहे: रबर निघतं तो. दशक मोडतो, पण काड्यांची संख्या बदलत नाही, हे तिथे हाताला कळतं.

सहा जणांच्या गटात ते रबर एकाच हाताने निघतं, आणि बहुतेक वेळा रोज त्याच हाताने. बाकीचे पाच जण बघतात आणि मग सुरात म्हणतात, ‘पंचवीस!’ बाईंना वाटतं गटाला आलं. दुसऱ्या दिवशी वहीत तेच उदाहरण द्या. नुसतं पाहिलेल्यांपैकी काही जण ३५ लिहितात, कारण सातातून दोन गेले पाच आणि चारातून एक गेला तीन. लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, एवढंच त्यांना ठाऊक असतं. गठ्ठा त्यांनी सोडलेलाच नसतो.

जोडीत लपायला जागा नसते. एकाने काड्या हाताळायच्या, दुसऱ्याने तेच वहीत मांडायचं आणि तोंडाने सांगायचं. पुढच्या उदाहरणाला अदलाबदल. इथे काड्या आणि अंक शेजारी शेजारी चालतात, हा मोठा फायदा. एरवी काड्यांचा तास वेगळा आणि वहीचा तास वेगळा होतो, आणि दोन्हींचा संबंध जोडायचं काम मुलावर पडतं. आकृत्यांनाही जोडीच बरी. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केलेला काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा प्रयोग करून बघा. त्रिकोण दाबून बदलत नाही, चौकोन मात्र कलंडतो. हे नुसतं बघून मुलं मान डोलावतात. स्वतः दाबलं की लगेच विचारतात, ‘बाई, मग चौकोनात आडवी काडी घातली तर?’

जोडीची खरी अडचण साहित्याची. तीस मुलं म्हणजे पंधरा जोड्या. जोडीला पाच गठ्ठे आणि दहा सुट्या काड्या धरल्या तर साठ, म्हणजे एकूण नऊशे काड्या. आकडा मोठा वाटतो, पण खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडून टोकं घासून घेतली की काम भागतं. रबरबँड लवकर तुटतात, त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापाव्यात. काड्या तोडणं आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधणं मुलांकडूनच करून घ्या, कारण तोही दशकाचाच पाठ आहे. पट चाळीसच्या वर असेल तर निम्मा वर्ग काड्यांवर आणि निम्मा स्वाध्यायावर, मग उलट. दुसरी अडचण फिरण्याची. पाच गटांऐवजी पंधरा ठिकाणी बघावं लागतं. त्यावर माझा उपाय असा की सगळ्या जोड्यांकडे जायचंच नाही. आज कोणत्या चार-पाच जोड्या बघायच्या ते आधी ठरवून जायचं, उद्या पुढच्या. दोघांनाही येत नाही अशी जोडी लागली तर ती मोडायची नाही. शेजारच्या जोडीला चिकटवून तात्पुरता चौघांचा गट करायचा.

समपातळी गटाची बाजू वेगळी आहे, आणि तिच्यामागे भक्कम अनुभव आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनपातळीने बसवण्याची पद्धत देशभर नेली. त्याच्या आधीचा ‘बालसखी’ उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत होता. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं दिवसाचा काही वेळ वस्तीतल्याच एका ताईकडे वेगळी बसायची. त्याचं मोजमाप करणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मुलांच्या मूलभूत क्षमता वाढल्या, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. ज्याला जोडाक्षर येत नाही त्याच्यापुढे चौथीचा धडा ठेवून उपयोग नाही, आणि ज्याला गोष्ट वाचता येते त्याला बाराखडीत अडकवण्यातही अर्थ नाही.

धोका शिक्क्याचा आहे. गटांना मोगरा, जास्वंद, गुलाब अशी नावं दिली तरी कोणतं फूल ‘ढ’ आहे हे पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. म्हणून दोन पथ्यं पाळावीत. हा गट दिवसभर नको, तास-दीड तासच. आणि गट दर काही आठवड्यांनी तपासून हलते ठेवावेत. जूनमध्ये पाडलेले गट दिवाळीनंतर तसेच असतील, तर ती पद्धत समपातळी राहिली नाही, ती वर्गातली उतरंड झाली.

शिक्क्याला सगळ्यात चांगलं उत्तर आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी शोधलं. तिथे विषयाची एक शिडी भिंतीवर असते. मूल शिडीवरची आपली पायरी बघतं, त्या पायरीचं कार्ड काढतं आणि कार्डावरच्या खुणेप्रमाणे शिक्षकांजवळ, सवंगड्यांसोबत किंवा एकटं बसतं. एकच मुलगी गणिताला एकटी बसेल आणि भाषेला बाईंजवळ, त्यामुळे कायमचा कच्चा गट उरतच नाही. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ पासून हे उचललं, आणि २००७ मध्ये तमिळनाडूने ते राज्यभर नेलं. एकच शिक्षक अनेक इयत्ता एकत्र शिकवतो अशा बहुवर्ग शाळेला याच्याइतकी सोयीची रचना मला दुसरी दिसत नाही. पण कार्डांचा पूर्ण संच हाताशी नसेल तर एकट्या शिक्षकाने याच्या मागे लागू नये. केंद्रातल्या चार शाळांनी मिळून एका विषयाची, एका इयत्तेची कार्डं केली, तर जमण्यासारखं आहे.

आता मिश्र गट. त्याच्या बाजूने सांगितलं जातं की हुशार मूल कच्च्याला शिकवतं. हे अर्धंच खरं आहे. गटातल्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केलेल्या अमेरिकन संशोधक नोरीन वेब यांच्या निष्कर्षांनुसार, समजावून सांगणाऱ्याचा फायदा होतो, पण ज्याला नुसतं उत्तर मिळतं त्याच्या पदरात काही पडत नाही. तिसरीतलं मूल घाईत असतं. ते उत्तरच सांगतं. ‘हे घे, पंचवीस लिही.’ म्हणून मिश्र गटात प्रत्येकाकडे असं काही तरी हवं, जे दुसऱ्या कुणाकडे नाही.

ही युक्ती सामाजिक मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वापरली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. मग ज्याची टिंगल व्हायची, त्याचं ऐकून घेणंही गरजेचं झालं.

चौथीच्या परिसर अभ्यासात ‘गावाचं पाणी’ हा विषय असा छान जमतो. चौघांच्या गटात एकाकडे विहीर, एकाकडे नळयोजना, एकाकडे हातपंप, एकाकडे ओढ्यावरचा बंधारा. आधी सगळ्या गटांतली विहीरवाली मुलं एकत्र बसून, घरच्या आजी-आजोबांना विचारून माहिती जमवतात. मग आपापल्या मूळ गटात परत येऊन सांगतात, आणि चौघं मिळून एकच नकाशा काढतात. शेवटी मी गटातल्या कुणालाही उठवून दुसऱ्याच्या भागाबद्दल विचारते. विहीरवाल्याला बंधारा, नळवालीला हातपंप. त्यामुळे ऐकण्याला किंमत येते. गटप्रमुख मात्र दर वेळी बदला, नाहीतर तोच सरपंच होऊन बसतो.

मिश्र गटाचं मोल मला यासाठीच वाटतं. वस्तीप्रमाणे, घरच्या भाषेप्रमाणे आणि जातीप्रमाणेही मुलं आपणहून वेगळी बसतात. ते मोडायची ताकद समपातळी गटात नाही आणि जोडीतही कमी आहे. एक अपवाद करावा. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं मूल, किंवा घरी गोरमाटी, पावरी बोलणारं नवं मूल एकदम गटात टाकू नये. आधी काही दिवस त्याची भाषा कळणाऱ्या मुलासोबत जोडी द्यावी, मग ती जोडीच गटात न्यावी.

आवाजाचं म्हणाल तर तिन्हीत होतो, आणि जोडीत सगळ्यात कमी. मूल्यमापनाला जोडी सोपी, कारण कोणी काय केलं ते डोळ्यांना दिसतं. गटाच्या तक्त्यावरून कुणालाच श्रेणी देऊ नये. वेळ कमी असेल, वर्ग नवा असेल, सत्राची सुरुवात असेल तर जोडीपासूनच सुरू करा. अदलाबदल अंगवळणी पडली की चौघांचा गट आपोआप सुधारतो.

राहिला बसण्याचा प्रश्न. सतरंजी असेल तर काहीही करता येतं. बाकांच्या खोलीत जोडी बसलेलीच असते, आणि पुढच्या बाकावरची दोघं मागे वळली की चौघांचा गट तयार होतो. तुकडे वाटून करायच्या कामासाठी मात्र मुलांना जागा बदलावी लागते. त्या दिवशी वर्ग व्हरांड्यात न्या आणि तास निदान दीडपट लांब धरा.