फोर्डचे दोन हायब्रिड पिकअप: पेडलचा स्वभाव

अमेरिकेतल्या फोर्डच्या या दोन हायब्रिड पिकअपमधला फरक पायाला लगेच कळतो.

लहान मॅव्हरिकमध्ये २.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ईसीव्हीटी (ठरावीक पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) आणि इंजिन व विजेची मोटर मिळून १९१ अश्वशक्ती. सिग्नलवरून निघताना मोटर चटकन ओढते. पण हायवेवर शिरताना पेडल तळाशी नेलं की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागाहून येतो. हा बिघाड नव्हे. ठरावीक पायऱ्यांचे गिअरच नाहीत, म्हणून तसं वाटतं.

एफ-१५० पॉवरबूस्टमध्ये ३.५ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-६ इंजिन आणि १० गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दोहोंच्या मधोमध ३५ किलोवॅटची मोटर. टर्बोला (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला) दाब धरायला लागणारा वेळ ती मोटर भरून काढते. ४३० अश्वशक्ती आहेच. ट्रेलर ओढायचा असेल तर तुलनाच नको.

खरी गंमत ब्रेकमध्ये. दोन्हींत पेडल दाबताच आधी मोटर जनरेटर होऊन वेग खाते आणि बॅटरी भरते. जोरात दाबलं किंवा गाडी थांबत आली की डिस्क ब्रेक काम हाती घेतात. हा सांधा अगदी कमी वेगात पायाला लागतो. मॅव्हरिक हलकी आणि तिची मोटर दमदार, त्यामुळे रोजचं बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते. किती ऊर्जा परत मिळाली, ते डॅशबोर्डवरचा ‘ब्रेक कोच’ टक्क्यांत दाखवतो (त्या आकड्याचा नाद लागतो!). एफ-१५० जड, मोटर तुलनेने छोटी. तिथे डिस्कवर जास्त भार.

रोज शहरात फिरायचं तर मी मॅव्हरिकच घेईन.