डक्सफर्ड: विमानं बघून झाली, विमानतळ राहिला

केंब्रिजच्या दक्षिणेला असलेल्या इम्पिरिअल वॉर म्युझियमच्या डक्सफर्ड शाखेत लोक विमानं बघायला जातात. प्रवेशद्वाराजवळच एअरस्पेस हॉल लागतो. कॉन्कॉर्डमध्ये चढण्यात आणि लँकेस्टर बॉम्बरखाली रेंगाळण्यात अर्धा दिवस सरतो, आणि ही शाखा ज्यावर उभी आहे तो युद्धकाळातला हवाई तळ घाईघाईत उरकावा लागतो. त्यापेक्षा एअरस्पेस शेवटी ठेवा.

सुरुवात जुन्या हँगरांपासून करावी. हे पहिल्या महायुद्धातले. आत विमानांकडे नंतर बघा, आधी मान वर करा. छताच्या कमानी लाकडाच्या लहान लहान पट्ट्या जाळीसारख्या ठोकून केलेल्या आहेत, म्हणजे अखंड लांब तुळया न वापरता एवढा रुंद गाळा मोकळा ठेवता आला. असाच एक हँगर आता उरलेला नाही. 1968 मध्ये सिनेमाच्या चित्रीकरणासाठी तो चक्क उडवून दिला!

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो ऑपरेशन्स रूमला, म्हणजे जिथून हवाई लढाई चालवली जायची त्या खोलीला. भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांचा पट्टा लाल, पिवळा, निळा असा रंगवलेला आहे. शत्रूच्या विमानांची बातमी आली तेव्हा मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाचा बाण नकाशावर ठेवायचा. त्यामुळे कोणती बातमी शिळी झाली हे वरून बघणाऱ्या अधिकाऱ्याला न विचारता कळे. ही युक्ती नीट समजून न घेता बाहेर पडलात, तर 1940 ची जर्मन विमानांविरुद्धची ब्रिटनची लढाई इथून कशी चालवली ते कळणार नाही.

पहिलं स्पिटफायर लढाऊ विमान ऑगस्ट 1938 मध्ये इथल्याच 19 स्क्वाड्रनला मिळालं. एप्रिल 1943 पासून तळ अमेरिकनांच्या 78 व्या फायटर ग्रुपकडे होता. अमेरिकन विमानांच्या दालनाबाहेरच्या 52 काचा चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून उडून परत न आलेली 7,031 अमेरिकन विमानं त्यांवर कोरलेली आहेत. इमारत वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरची, देखणी आहे. मात्र आतल्या अवाढव्य बी-52 बॉम्बरपुढे युद्धकाळातली लढाऊ विमानं अगदीच बारकी वाटतात.

हे दालन पश्चिम टोकाला, प्रवेशद्वारापासून बरंच लांब आहे. पायात चालायचे बूट हवेत. व्हिटल्सफर्ड पार्कवे स्टेशनही दोन मैलांवर आहे. एअर शोच्या दिवशी गर्दीमुळे हँगर निवांत बघता येत नाहीत, तेव्हा तळासाठी वेगळा दिवस काढा.

परतताना धावपट्टीच्या पूर्व टोकाला एम-11 महामार्ग दिसेल. त्याच्यासाठी पट्टी तोडून आखूड केली. कॉन्कॉर्ड 1977 मध्ये त्याआधीच उतरवून घेतलं होतं.