दिल्ली–बागडोगरा: आठ महिने खिडकीशी बसून

ऑक्टोबरपासून कामासाठी दर महिन्याला सिलिगुडीला जातोय. पुण्याहून दिल्ली आणि तिथून बागडोगरा. या दुसऱ्या टप्प्याचे जाऊन-येऊन सोळा प्रवास झाले, त्यातले चौदा खिडकीपाशी. माझा सल्ला सरळ आहे: जाताना ‘ए’, येताना ‘एफ’. विमान पूर्वेला निघालं की हिमालय डाव्या हाताला येतो, परतताना उजव्या. दोन्ही वेळा आपण उत्तरेकडेच बघत असतो, त्यामुळे ऊन कधी डोळ्यांवर येत नाही आणि शिखरांवर मात्र छान पडलेलं असतं.

सीट निवडायचे तीन-चारशे रुपये जास्त जातात. या मार्गावर मी ते दर वेळी भरतो. पुणे–दिल्लीला भरत नाही.

रांग कुठली, हे मला दोन-तीन फेऱ्यांनंतर कळलं. एअरबस ३२० मध्ये मधल्या रांगांतून निम्मी खिडकी पंखच व्यापतो. पंखाच्या मागे बसलं तर इंजिनाच्या गरम हवेमुळे मागचं दृश्य थरथरतं, फोटोत कडा विरघळल्यासारख्या येतात. म्हणून तिसरी ते सातवी रांग. डिसेंबरात एकदा पैसे भरून खिडकीची सीट घेतली आणि जाऊन बघतो तर शेजारी नुसती भिंत! आराखड्यात खिडकी दाखवली होती. तक्रार केली, उत्तर आलं नाही. काही विमानांत अशी एखादी रांग असते, तेव्हा बुकिंगआधी त्या विमानाचा आराखडा नीट बघा.

आता खरी गोष्ट. लखनौ मागे पडलं की डावीकडे क्षितिजावर एक पांढरी रेघ उमटते. पहिल्यांदा ती ढगांचीच वाटते. मार्चमध्ये आईला सोबत नेलं होतं, तिनेही विचारलं, “अरे, हे ढगच ना?” मी म्हटलं, “आई, ढग हलतात. ही रेघ हलतेय का बघ.” मग ती काचेला कपाळ टेकवून बसली ती उतरेपर्यंत.

गोरखपूरच्या आसपास धौलागिरी (८१६७ मीटर) समोर येतो, एकटा आणि रुंद. त्याच्या उजवीकडे अन्नपूर्णा, मग मनास्लू. एव्हरेस्ट मात्र उशिरा, विमान खाली यायला लागतं त्या सुमारास. बरेच जण तोवर पट्टा आवळून डोळे मिटून बसलेले असतात. तो ओळखायची खूण म्हणजे ल्होत्से-नुप्त्सेच्या लांब भिंतीमागून डोकावणारा काळपट त्रिकोण. वाऱ्यामुळे त्यावर बर्फ फारसा टिकत नाही. मकालू आपल्याला जवळ असल्याने जास्त उंच वाटतो. दोन फेऱ्या मी त्यालाच एव्हरेस्ट समजत होतो. शेवटी कांचनजंगा, ८५८६ मीटर, आणि हिच्यासाठी कुठली खूण लागत नाही.

महिन्यांचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरला तोड नाही. पावसाने हवा धुतलेली असते, कडे-घळी वेगळ्या दिसतात. जानेवारीत खाली सगळं मैदान धुक्याखाली आणि वर शिखरं लख्ख, पण विमान तीन तास उशिरा. एप्रिल-मेमध्ये धुरकट हवेमुळे डोंगरांची खालची बाजू दिसतच नाही, नुसते माथे तरंगतात. दुपारी अडीचनंतरचं परतीचं विमान मिळालं तर जरूर घ्या. थंडीत त्या वेळी सगळी रांग पिवळसर होत जाते.

फोटोसाठी एक साधी युक्ती. काळी ओढणी किंवा जाकीट डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढून घ्या, आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं. काचेच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं, त्याभोवती बर्फाची नक्षी धरते. मोबाइल त्याच्या वर धरा, नाहीतर फोकस त्या नक्षीवरच बसतो. पुणे आणि बागडोगरा दोन्ही हवाई दलाचे तळ आहेत, तिथे जमिनीवर आणि चढता-उतरताना फोटो काढायचे नाहीत.

पुढचे चार महिने पाऊस, डावीकडे ढगच असतील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढून ठेवलंय, ‘४ ए’. शेजारची ‘४ बी’ आईची, पण धौलागिरी आला की आम्ही जागा बदलणार आहोत.