निकॉन झेड ९: कबड्डीच्या मॅटशेजारी तीन रात्री

निकॉनचा झेड ९ हा कॅमेरा घ्यायचा की नाही हे ठरवायला मी तो तीन दिवस भाड्याने आणला आणि थेट प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धेला गेले. त्याआधी महिनाभर परीक्षणं वाचत होते, व्हिडिओ बघत होते. त्यात फुटबॉल होता, पक्षी होते, उन्हात पळणारी कुत्री होती. साखळीत घुसणारा चढाईपटू एकातही नव्हता.

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, चढाई ३० सेकंदांची. पकड झाली की सात-आठ देह एकमेकांवर कोसळतात आणि त्या गर्दीत चढाईपटूचा चेहरा हवा असतो. इथे फोकससाठी मला थ्रीडी ट्रॅकिंगपेक्षा (एकदा धरलेल्या माणसाचा कॅमेऱ्याने स्वतः पाठलाग करणं) छोट्या चौकटीचा वाइड एरिया जास्त भावला: चौकट चेहऱ्यावर ठेवायची, माणूस ओळखायचं काम कॅमेऱ्यावर सोडायचं. आरसा नाही आणि सेन्सर डोळ्यासमोरचं दृश्य अखंड पाठवत राहतो, त्यामुळे शटर दाबल्यावर डोळ्यासमोर क्षणभरही अंधार येत नाही. चौदा वर्षं आरशाच्या कॅमेऱ्यावर काम केल्यावर याची किंमत कळते. नेमका जो क्षण टिपला, तोच आपल्याला कधी दिसलेला नसायचा.

दुसऱ्या रात्री डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने अँकल होल्ड टाकला. माझं बोट उशिरा पडलं, पण प्री-रिलीज कॅप्चर चालू होतं. बटण अर्धं दाबून ठेवलं की दाबण्याआधीच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेम हाती लागतात, फक्त जेपेगमध्ये. एका फ्रेममध्ये बोटं घोट्याभोवती अजून मिटायची आहेत, टाच मॅटपासून वीतभर वर आहे आणि चढाईपटूची नजर मध्यरेषेवर आहे. असा फोटो मला आजवर मिळाला नव्हता.

ही सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅमेरा जाहीर झाला तेव्हा त्यात नव्हतीच. ती २०२२ च्या २.०० फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने आली. एलईडी दिव्यांमुळे फोटोत उमटणाऱ्या पट्ट्यांवरचा इलाजही असाच मागाहून, ३.०० मध्ये आला. झेड ९ ला यांत्रिक शटर नाही. सेन्सर वरून खाली वाचायला साधारण १/२७० सेकंद लागतं, तेवढ्यात दिवा लुकलुकला की फोटोत पट्टे उमटतात. नव्या सोयीत शटरचा वेग अगदी बारीक फरकाने जुळवता येतो. सोनीच्या ए९ थ्रीमध्ये सगळे पिक्सेल एकाच वेळी वाचले जातात, त्यामुळे हा प्रश्नच मिटतो; मात्र त्याचा मूळ आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) २५० पासून सुरू होतो. झेड ९ च्या सोयी अशा मागाहून आल्या, म्हणून परीक्षण उघडलं की मी आधी तारीख आणि फर्मवेअर बघते. पहिल्या आठवड्यातली परीक्षणं आज झेड ९ बद्दल अर्धवटच माहिती देतात.

परीक्षणं निरुपयोगी आहेत असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. २००७ मध्ये कॅननचा ईओएस-१डी मार्क थ्री आला. सेकंदाला १० फ्रेम, सगळीकडे कौतुक. कॅनडाचे छायाचित्रकार रॉब गॅलब्रेथ यांनी तो खऱ्या सामन्यांत वापरला, हजारो फ्रेम तपासल्या आणि कडक, उबदार उन्हात फोकस भरकटतो हे दाखवून दिलं. पुढे कॅननने छोट्या दुय्यम आरशातला दोष मान्य करून दुरुस्ती करून दिली. आपल्याकडे मार्चपासून तसंच ऊन असतं, त्यामुळे ते काम इथल्या फोटोग्राफरच्याही उपयोगाचं होतं. हुकलेल्या फ्रेम मोजल्या, म्हणूनच ते त्यांना सापडलं.

वजन सांगायलाच हवं: बॅटरी-कार्डासह १३४० ग्रॅम, वर ७०-२०० ची लेन्स. तिसऱ्या रात्री मनगट भरून आलं. तरीही मी हाच घेणार आहे, पैसे जमले की.

१/१०००, एफ २.८, आयएसओ ८००० च्या तिन्ही रात्रींच्या मूळ फाइली माझ्याकडे आहेत. कबड्डी किंवा खो-खो काढणाऱ्या कुणाला घेण्याआधी बघायच्या असतील तर मागा. फोकस हुकलेल्याही देते.