ज्युलिएन पीलर : कोशिंबिरीला हवा, हलव्याला नको

साल काढायच्या पीलरसारखाच दिसतो, फक्त पात्याला बारीक दात असतात. गाजरावरून ओढला की सारख्या रुंदीच्या लांब सळ्या पडतात. किसणीवर गाजर घासलं जातं, चेचलं जातं, म्हणून लगेच पाणी सोडतं; इथे ते कापलं जातं. त्यामुळे दह्यातली कोशिंबीर किसाइतकी पटकन पाणचट होत नाही आणि गाजर दाताखाली कुरकुरीत लागतं. हा पीलर घ्यायचा तो एवढ्यासाठीच.

किसणीऐवजी म्हणून घ्याल तर पस्तावाल. हलव्यात या सळ्या दुधाशी मिळून येत नाहीत, गाजराची खीर आणि शेवया यांच्यामधलं काहीतरी होतं. खमंग काकडीलाही कोचवलेल्या काकडीची सर नाही. लांब सळ्या एकमेकींत गुंततात आणि दाण्याचं कूट मध्येच गोळा होऊन बसतं. करायचीच असेल तर काकडीचे आधी दोन इंचांचे तुकडे करा.

हॉटेलातली सुरीने कापलेली ज्युलिएन, म्हणजे भाजीची काडीसारखी लांब सळी, साधारण ३ मिमी चौकोनी असते. पीलरची सळी रुंदीला जवळपास तेवढीच, पण जाडीला निम्मी, चपटी. म्हणून नूडल्समध्ये ती सगळ्यात शेवटी घाला, मोठ्या आचेवर मिनिटभर पुरे. उपवासाच्या बटाट्याच्या चिवड्यासाठी मात्र ही सळी फार पातळ पडते: कडा लगेच करपतात, आणि ढवळताना तुकडे होतात. तिथे जाड भोकांची किसणीच बरी.

वापरताना गाजर हातात अधांतरी धरू नका, पाटावर आडवं ठेवा. देठाकडचं टोक कापू नका, धरायला तेच लागतं. साल काढल्यावर सुरीने एका अंगाने पातळ काप काढा आणि ती सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे गाजर गडगडत नाही. गाजराच्या धरलेल्या टोकापासून पीलर बाहेरच्या दिशेने ओढा, हलक्या हाताने. जोर दिला की दात खोल रुततात, पीलर मध्येच अडकतो आणि सुटताना झटका बसतो. बोट कापतं ते बहुतेक अशाच वेळी. तीन-चार वेळा ओढलं की गाजर थोडं फिरवा. मधला कडक दांडा लागला की थांबा. काकडीत बिया दिसल्या की थांबा. शेवटचा दीड-दोन इंचांचा तुकडा सुरीने चिरा. तेवढ्यासाठी नखं पणाला लावू नयेत.

या हत्याराचं खरं काम कच्च्या पपईवर दिसतं. हाताला तेल लावून साल काढा, चीक धुऊन टाका, पपई उभी अर्धी करून बिया काढा आणि बाहेरच्या गोल अंगावरून ओढत जा. सळ्या दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवल्या की कडक होतात. कैरी घट्ट असेल तरच. पिकू लागलेलीचा लगदा होतो. नवलकोल, मुळा उत्तम. कांदा, कोबी, टोमॅटो यांचा नाद सोडा.

कधीकधी सुट्या सळ्यांऐवजी नुसत्या रेघा पडलेली अख्खी पट्टी निघते. दात आधी उभ्या चिरा पाडतात आणि मागची धार तो थर सोलते, असं याचं काम. दातांत तंतू अडकले की चिरा उथळ पडतात आणि सळ्या एकमेकींना चिकटून राहतात. वापरल्याबरोबर नळाखाली धरून, पात्याच्या मागच्या बाजूने जुना टूथब्रश फिरवा. वाळलेला चोथा असेल तर आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. साफ करूनही पट्टीच पडत असेल तर दात बोथट झाले आहेत. घरी त्यांना धार लावता येत नाही, त्यामुळे फार महागाचा घेण्यात अर्थ नाही.

दुकानात पातं खिळ्यापाशी हलवून बघा: पुढेमागे सहज फिरावं, पण डावीकडे-उजवीकडे लडबडू नये. वाय आकाराची मूठ पपई-दुधीला सोयीची. एका अंगाला साधी धार आणि दुसऱ्या अंगाला दात असलेला ‘टू इन वन’ टाळा, कारण साल काढताना उघडे दात आपल्याच बोटांकडे येतात. दातांवर टोपण असलेला मिळाला तर तोच घ्या. ड्रॉवरमध्ये चमचा शोधणाऱ्याची बोटं वाचतात.