सुपरवायझरमधून मॅनेजर कोण होणार? असेसमेंट सर्व्हिस घेतली त्याचा रिव्ह्यू (उद्यमबाग, बेळगाव)

पहिलंच सांगतो, पाचपैकी साडेतीन स्टार, आणि ते जवळजवळ सगळे एकट्या मुलाखतीच्या भागाला. कंपनीचं नाव टाकत नाही कारण ह्या लाईनीतले बरेचजण थोड्याफार फरकानं हेच पॅकेज (टेस्ट, मुलाखत, प्रसंग) विकतात, त्यामुळे घेणाऱ्यानं काय बघून घ्यावं एवढंच लिहितो.

आमची फाउंड्री (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओततात तो कारखाना) उद्यमबागेत, मशीन शॉप मच्छेला, माल मुख्य हायड्रॉलिकवाल्यांचा आणि पंपवाल्यांचा. प्लांट बघणारे काका रिटायरमेंटला आले आणि त्यांच्या जागी कोण ह्यावर मालकांच्या घरातच दोन तट, थोरले म्हणतात मोल्डिंगचा (साचे भरतात त्या खात्याचा) सगळ्यात जुना सुपरवायझर, धाकटे म्हणतात क्वालिटीतला बीई झालेला पोरगा. बाहेरनं आणायचं तर चांगला माणूस पुण्या-चाकणला नाहीतर कागलला, आणि मशीन शॉपमधला जरा हुशार निघाला की हत्तरगीला एरोस्पेसवाल्यांकडं. म्हणून आपल्यातलाच माणूस घ्यायचा पण तिसऱ्याकडून तपासून, असं ठरलं. रेट माणशी असतो, जीएसटी १८ टक्के वेगळा, शिवाय येण्याजाण्याचं आणि हॉटेलचं आपल्या अंगावर, हे कोटेशनच्या तळाला असतं ते नीट वाचा.

पहिला भाग लॅपटॉपवरची टेस्ट. सगळी इंग्रजीत. थोडी आकृत्यांची, थोडी स्वभावाची. आकृत्यांचं एकवेळ ठीक आहे पण स्वभावाचे प्रश्न म्हणजे कहर, पार्टीला गेल्यावर तुम्ही अनोळखी लोकांशी आपणहून बोलता का वगैरे. कोअर शॉपचे (ओतीव मालात पोकळी राहायला वाळूचे गाभे बनवतात तिथले) मामा शेजारच्याला विचारालेत, "आम्ही बारशाला बी जेवून लगेच मागं येतोय, ह्यात काय लिहू?" शेवटी चार अक्षरांचा टाईप काढून दिला, एमबीटीआय ह्या प्रसिद्ध स्वभाव-चाचणीच्या धर्तीवरचा. आता एमबीटीआय काढणाऱ्यांचंच म्हणणं आहे की माणूस निवडायला हे वापरू नका, मग प्रमोशन ठरवायच्या पॅकेजमध्ये हे घालायचं कशाला? पानं भरायला. हा भाग काढून टाका म्हणून सांगा आणि पैसे कमी करायला लावा, करतात.

मुलाखतीचा भाग मात्र खरंच कामाचा होता, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. नेहमीसारखं तुमच्या स्ट्रेंथ सांगा, वीकनेस सांगा असलं काही नाही. पहिला प्रश्न असा की तुमच्या हातात आत्ता असं कुठलं काम आहे ज्याचा रिझल्ट सगळ्यात उशिरा कळणार? मला वाटलं हे काय विचारायलेत, पण त्यामागं एलियट जॅक्स नावाच्या कॅनेडियन माणसाचा विचार आहे, ह्यानं १९४८ पासून लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीत अभ्यास केला, आणि ती कंपनी बेअरिंग बनवणारी, म्हणजे आपल्याच लाईनीतली म्हणायला हरकत नाही. त्याचं म्हणणं असं की कामाचं वजन हाताखाली किती माणसं ह्यावर नाही तर किती लांबचं काम माणसाला स्वतःच्या अकलेनं पुढं न्यायला लागतं ह्यावर धरायचं. तीन महिन्यांपर्यंत पहिली पायरी, एक वर्षापर्यंत दुसरी, दोन वर्षांपर्यंत तिसरी, पाच वर्षांपर्यंत चौथी, असं पुढं वाढत जातं. आमच्या प्लांट हेडची खुर्ची तिसऱ्या पायरीची निघाली, म्हणजे जो आजच्या शिफ्टला किती साच्याचे बॉक्स भरले ह्यावरच नजर ठेवतो त्याला तिथं बसवलं तर त्याचाही जीव जाणार आणि आमचाही.

मोल्डिंगवाल्यांचं सगळ्यात लांबचं काम निघालं त्या महिन्याचं शेड्यूल. माणूस सोन्यासारखा, पण नजर तिथपर्यंतच. क्वालिटीचा पोरगा पाच वर्षांचं व्हिजन सांगायला लागला, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या असेसर मॅडमनी शांतपणे विचारलं, त्यातलं आज तुमच्या हातात काय आहे? एका कस्टमरचे पीपीएपीचे (पार्ट चालू करायच्या आधीच्या मंजुरीचे) कागद, बाकी काही नाही.

आणि मग आला फेटलिंगचा (ओतीव मालावरचा जादा धातू घासून काढतात त्या खात्याचा) सुपरवायझर, ज्याचं नाव दोन्ही मालकांच्या यादीत नव्हतं, पाचवा माणूस पाहिजे म्हणून घातलेला. तो म्हणाला ग्राइंडिंग व्हील फार संपतात म्हणून ओरडा बसायचा, तर मी कुठल्या पार्टला फ्लॅश (कडेला आलेला जादा धातू) जास्त येतो ते वहीत लिहायला लागलो, बघतो तर सगळे घासलेल्या पॅटर्नचे (ज्यावरून साचा उठवतात तो नमुना), मग पॅटर्न शॉपला सांगून ज्याचा माल जास्त जातो त्याची पॅटर्न आधी अशी वर्षभर एकेक दुरुस्त करून घेतोय, आणि पॅटर्नवाले मिस्त्री दोन वर्षांत घरी बसणार म्हणून माझी दोन पोरं रोज तासभर त्यांच्या हाताखाली सोडलोय. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. काकांनाही पोरं तिकडं कशाला जातात हे धड माहीत नव्हतं.

बोलताना माणूस मुद्दे सुटे सुटे टाकतो, का चार मुद्दे जोडून एक गोष्ट मांडतो, का हे झालं की ते, त्यावरून पुढचं अशी साखळी लावतो, का दोन-तीन साखळ्या एकदम सांभाळतो, हेही जॅक्सचंच, आणि मॅडम ते लिहून घेत होत्या. मॅडम खानापूरकडच्या, मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या, म्हणून हे सगळं बाहेर आलं. आधी बेंगळुरूहून आलेल्या सरांनी इंग्रजीत विचारलं तेव्हा हाच फेटलिंगवाला "येस सर, मेंटेनिंग सर" करून उठलेला.

तिसरा भाग म्हणजे प्रसंग देऊन काम करायला लावणं. कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर असल्यानं इकडच्या पोरांना एसएसबी (लष्करात ऑफिसर निवडायची परीक्षा) ऐकून माहीत असते, त्यातलीच कल्पना, ब्रिटिश आर्मीनं १९४२ मध्ये ऑफिसर निवडायला ही पद्धत चालू केली, नंतर कंपन्यांनी उचलली. प्रसंग आमच्याकडूनच घेतलेला: जुलैचा झोडपणारा पाऊस, कास्टिंगला ब्लोहोल (गॅसनं पडलेली भोकं), रिजेक्शन चढलंय, परवा कस्टमरचं ऑडिट. मोल्डिंगवाले म्हणाले सॅंडमधलं पाणी कमी करा. बरोबरच आहे, पण गाडी तिथंच थांबली. पोरग्यानं बोर्डवर फिशबोन (कारणं माशाच्या काट्यासारखी मांडायची आकृती) काढला, फोटो काढून ठेवावा असा. फेटलिंगवाल्यानं आधी विचारलं कुठल्या शिफ्टचा माल, कोअर रॅकवर कधीपासून पडलेत, पावसात ओल धरलेत का, आणि कस्टमरला आज फोन कोण करणार.

आता गंमत बघा, पहिल्या रिपोर्टात फिशबोनवाला आजची कामगिरी आणि पुढची कुवत मांडायच्या नऊ खान्यांच्या चौकटीत सगळ्यात वर "हाय पोटेन्शियल" आणि फेटलिंगवाला मधल्या खान्यात! कारण लॅपटॉप टेस्टचे मार्क ह्यात मिसळलेले, आणि प्रसंगाचे मार्क देणाऱ्या सरांना फाउंड्रीतलं काही कळत नव्हतं, फिशबोनवर खूश. आम्ही भांडून प्रत्येक भागाचे मार्क वेगळे मागून घेतले तेव्हा चित्र उलटं झालं. तुम्ही हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या, आणि मार्क देणाऱ्यांत एक तरी आपल्या धंद्यातला माणूस पाहिजे म्हणून अडून बसा.

थोरल्या मालकांना सर्व्हिसची वर्षं हाच मोठा मुद्दा वाटायचा. १९९८ चा श्मिट आणि हंटर ह्यांचा जुन्या अभ्यासांची बेरीज करणारा पेपर मॅडमनी दाखवला, त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवण्याचा पुढच्या कामगिरीशी मेळ (१ म्हणजे पूर्ण मेळ) .५४ आणि नोकरीच्या वर्षांचा .१८. नंतर २०२२ मध्ये दुसऱ्यांनी आकडे तपासून बरेच खाली आणले, पण वर्षं तरी तळालाच राहिली. थोरले कागद बघून गप्प बसले, पटलं असं नाही.

न आवडलेली अजून एक गोष्ट म्हणजे वयाचा ग्राफ. हा माणूस पन्नाशीत कुठल्या पायरीला पोचेल त्याची रेघ काढून देतात. जॅक्सनंच असल्या रेघा काढून ठेवल्यात, पण स्वतंत्र पुरावा त्यामागं फार नाही, आणि एकदा फायलीत लागलं की ती कुंडलीच होते, पुढचा मॅनेजर माणूस बघायच्या आधी रेघ बघणार. आम्ही ते पान काढून टाकायला लावलं.

रिझल्ट सांगायची पद्धतही आधीच ठरवा. आम्हाला इंग्रजीत पीडीएफ मेल केली आणि विषय संपला, मग मागं लागून मॅडमना परत बोलावलं आणि प्रत्येकाला केबिनमध्ये बसवून मराठीत सांगायला लावलं. मोल्डिंगवाले नाराज होतील म्हणून सगळे घाबरलेले, तर ते म्हणाले, "मी कधी म्हटलोतो मॅनेजर करा म्हणून? पगार वाढवा म्हटलोतो." वाढवला. फेटलिंगवाल्याला एकदम खुर्ची नाही दिली, फेटलिंग आणि कोअर शॉप दोन्हीचा चार्ज आणि वर्षभराच्या रिजेक्शनचं बजेट हातात दिलंय, काका आहेत तोवर शेजारी. पोरग्याला मशीन शॉपला एक नवीन लाईन सुरुवातीपासून उभी करायला दिलीय.

सहा महिन्यांनी फॉलोअप पाहिजे असेल तर त्याचं बिल वेगळं, जवळजवळ अर्ध्या पॅकेजइतकं. ते आम्ही घेतलं नाही, मॅडमचे प्रश्न लिहून ठेवलेत, आम्हीच विचारतो.